मॉरिशस ते रॉड्रिग्ज : सरकारी दवाखान्यांच्या वाटेने

सिंधुदुर्गातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर मॉरिशस पाहायचे ठरवले, तेव्हा तिथले समुद्रकिनारे माझ्या यादीत खालच्या ओळीत होते. साधारण साडेबारा लाख वस्तीच्या या बेटावर सरकारी दवाखान्यात नागरिकाला तपासणी, औषध, शस्त्रक्रिया आणि खाट या सगळ्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. ही व्यवस्था उभी कशी राहिली आणि आता ती कुठे अडते आहे, हे मला जवळून पाहायचे होते. पूर्वी एका प्रशिक्षणात ओळख झालेली तिथली एक मराठी परिचारिका वाट दाखवायला तयार होती, त्यामुळे जुलैमध्ये मुंबईहून निघाले.

रविवार : विमानतळ आणि माएबूर

मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचते आणि घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. प्रवासापूर्वी भरायच्या अर्जात आरोग्याची माहिती आणि मुक्कामाचा पत्ता विचारलेला होता. विमानतळावर आरोग्य खात्याच्या टेबलाशी बसलेल्या तरुणाने भारतातून आलेल्या आम्हा प्रवाशांना अलीकडे ताप आला होता का, असे विचारले, पत्ता पुन्हा पडताळून घेतला आणि गरज वाटली तर आमचा माणूस तुमच्याकडे येईल, असे सांगितले. मागे उभ्या असलेल्या काही प्रवाशांना हा वेळेचा अपव्यय वाटला. मला मात्र त्या टेबलाचे मोल ठाऊक होते.

या बेटावर 1866 पासून हिवतापाची भयंकर साथ पसरली आणि 1867 मध्ये राजधानी पोर्ट लुई शहरात माणसे इतकी दगावली की ज्यांना परवडत होते ती कुटुंबे उंचावरच्या थंड गावांकडे निघून गेली. क्युरपीपसारखी डोंगरमाथ्यावरची शहरे वाढण्यामागे या स्थलांतराचा मोठा हात आहे. हिवताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस 1907-08 मध्ये सल्ला देण्यासाठी इथे आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने हिवताप पसरवणाऱ्या डासाची एक जात बेटावरून नाहीशी झाली आणि 1973 मध्ये देश हिवतापमुक्त जाहीर झाला. नंतर 1975 च्या चक्रीवादळामागोमाग रोग परतला आणि तो पुन्हा हटवायला जवळजवळ आणखी दोन दशके लागली. 1998 पासून इथे स्थानिक प्रसार नाही, परंतु बाहेरून येणाऱ्या प्रवाशांवरची नजर अजून ढळलेली नाही. रोग गेल्यावर त्याचा विभागही बंद करायचा, ही चूक या देशाने केली नाही, आणि पुढच्या सगळ्या दिवसांत मला याच गोष्टीचे अप्रूप वाटत राहिले.

संध्याकाळी माएबूरच्या धक्क्याजवळ हळद आणि मोहरी लावलेली मासळी भातासोबत जेवले. जुलै म्हणजे तिथला हिवाळा. आग्नेयेकडून सतत वारा वाहतो आणि सूर्य मावळल्यावर शाल लागतेच.

प्रवाशांसाठी सूचना : अर्जात मुक्कामाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक अचूक लिहावा. झोपेच्या गोळ्या, मन शांत करणारी औषधे किंवा तीव्र वेदनाशामके नेणार असाल तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली तरी ही अट सुटत नाही.

सोमवार : पोर्ट लुई

सकाळच्या बसमध्ये निम्म्या जागांवर ज्येष्ठ नागरिक होते आणि बऱ्याच जणांच्या हातात दवाखान्याचे कार्ड होते. ज्येष्ठांना आणि अपंगांना 2005 पासून इथे बसचा प्रवास मोफत आहे. आरोग्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दिसत नसेल, पण कोकणातल्या वाड्यांवर भाड्याला पैसे नाहीत म्हणून रक्तदाबाची गोळी तोडणारे रुग्ण मी इतके पाहिले आहेत की मला ही आरोग्याचीच योजना वाटते.

आप्रवासी घाटावर पोहोचले तेव्हा शाळेच्या मुलांची रांग आत जात होती. 1834 पासून मळ्यांवर कामाला आणलेल्या लाखो हिंदी मजुरांचे पहिले पाऊल या बंदरात पडले. 1849 मध्ये बांधायला घेतलेल्या या आगारात त्यांची नोंद होई, आणि तिथल्या रुग्णालयाच्या इमारतीचा भाग आजही उभा आहे. 2006 पासून हे ठिकाण जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातून आलेले मराठी मजूर, त्यातले बरेचसे रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले, याच पायऱ्या चढून गेले.

रुग्णालयाच्या त्या भिंतींपाशी मी बराच वेळ थांबले, कारण त्या काळी दवाखान्याचा उद्देशच वेगळा होता. मजूर कामाला धडधाकट आहे की नाही आणि तो रोग घेऊन आला आहे की काय, एवढेच तिथे पाहिले जाई. 1856 च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी असल्याच्या भीतीने सगळ्या मजुरांना उत्तरेकडच्या गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरवले गेले. तिथे पुरेसा निवारा नव्हता, पाणी नव्हते, आणि अडीचशेहून अधिक माणसे तिथेच मेली. त्यानंतर हिंदुस्थानातून मजूर पाठवणे काही काळ थांबवण्यात आले. रोगापासून वसाहतीचे रक्षण करायचे, रोग्याचे नाही, हा त्या व्यवस्थेचा नियम होता. याच मजुरांच्या वंशजांनी पुढे सत्तेत आल्यावर तो नियम उलटा केला, हे मला या देशाच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम वाटते.

त्यात डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. 1936 मध्ये मजूर पक्ष स्थापन करणारे मॉरिस क्युरे डॉक्टर होते, आणि स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हेही लंडनला शिकलेले डॉक्टर. स्वातंत्र्याआधी, 1960 च्या सुमारास, ब्रिटिश समाजधोरण अभ्यासक रिचर्ड टिटमस यांच्या समितीने बेटाची वाढती लोकसंख्या, गरिबी आणि आरोग्य यांचा एकत्र विचार करून अहवाल दिला होता. कुटुंबनियोजन, माताबालसंगोपन आणि सामाजिक सुरक्षा यांची सांगड त्यातूनच पुढे घातली गेली. त्या दशकाच्या सुरुवातीला एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. पंधराएक वर्षांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, आणि त्यासाठी कुणावर सक्ती करावी लागली नाही.

दुपारी रस्त्यावरच्या गाडीवर धोल पुरी खाल्ली. वाटलेली डाळ भरलेली ही पातळ पोळी दोन-दोनच्या जोडीने मिळते आणि आत घेवड्याची आमटी, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी घालून ती गुंडाळून देतात. पुरणपोळीची ही तिखट बहीण मला फार आवडली.

मंगळवार : ग्राँ ब्वा

दक्षिणेकडच्या उंच भागात चहाचे मळे आहेत आणि तिथे जवळजवळ रोज भुरभुर पाऊस पडतो. रस्त्यात उसाच्या भरलेल्या गाड्यांमागे बस बराच वेळ रेंगाळली, कारण तोडणीचा हंगाम सुरू झाला होता.

इथल्या रचनेत सर्वांत खाली शंभराहून अधिक सामुदायिक आरोग्य केंद्रे आहेत, त्यांना लोक सरसकट डिस्पेन्सरी म्हणतात. त्यांच्या वर क्षेत्रीय आरोग्य केंद्रे, मग मेडिक्लिनिक आणि शेवटी पाच प्रादेशिक रुग्णालये : पोर्ट लुई, पाम्प्लेमूस, फ्लाक, काँदोस आणि रोझ बेल. यातल्या रोझ बेलच्या रुग्णालयाला पंडित नेहरूंचे नाव आहे. ग्राँ ब्वाचे मेडिक्लिनिक भारताच्या मदतीने बांधले गेले आणि जुलै 2024 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. परिसरातल्या सुमारे 16 हजार लोकांसाठी ते आहे. त्याच वेळी भारताबाहेरचे पहिले जनऔषधी केंद्रही मॉरिशसमध्ये सुरू झाले.

माझ्या परिचारिका मैत्रिणीने आधीच विचारून ठेवले होते, त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात बाजूला बसून पाहायची मुभा मिळाली. चहाच्या मळ्यात काम करणाऱ्या एका बाईंच्या बोटाला कापले होते. एरवी त्यांना टाके घालून घ्यायला मोठ्या रुग्णालयापर्यंत जावे लागले असते आणि दिवसाची मजुरी बुडाली असती. त्या तासाभरात परत कामावर गेल्या. सरकारी आरोग्यसेवा सुधारली, हे मी अशाच गोष्टींवरून मोजते. इमारत नवी आहे हे चांगलेच, पण रुग्णाचा दिवस वाचला का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

तिथल्या कर्मचाऱ्यांनी मोकळेपणाने सांगितलेली अडचण वेगळी होती. अनुभवी परिचारिका परदेशी निघून जातात आणि त्यांच्या जागी नव्याने तयार झालेल्या मुलींना रुळायला वेळ लागतो. हे दुखणे आमच्याकडेही आहे, परंतु जिथे मुळात माणसेच मोजकी, तिथे दहा जणी गेल्या तरी एक अख्खा कक्ष ओस पडू शकतो.

सूचना : या भागात छत्री आणि गरम कपडे हवेतच. बस दुपारनंतर विरळ होतात, तेव्हा परतीची वेळ आधीच विचारून ठेवावी. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी 114 हा क्रमांक आहे. परदेशी प्रवाशाने मोफत सेवेवर विसंबू नये, प्रवासविमा काढूनच यावे.

बुधवार : मुक्कामावर, आणि नंतर कास्काव्हेल

सकाळी नाश्ता करत असताना आरोग्य खात्याचे एक गृहस्थ यजमानांच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. हातात वही, खांद्याला पिशवी. माझे नाव वाचून त्यांनी नम्रपणे विचारले, "मॅडम, ताप, अंगदुखी, थंडी वाजणे, काही आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांनी नोंद केली आणि पुढे काही महिन्यांत ताप आलाच तर डॉक्टरांना इथल्या प्रवासाविषयी नक्की सांगा, असे बजावले. मग त्यांनी मागच्या अंगणातली झाडांच्या कुंड्यांखालची ताटे उपडी करायला यजमानांना सांगितले. 2005-06 मध्ये चिकुनगुन्याने या बेटाला गाठले होते आणि 2025 मध्ये तो पुन्हा आला, त्यामुळे साठलेल्या पाण्याविषयी कुणी हुज्जत घालत नाही.

मीही आयुष्यभर गप्पी मासे, कोरडा दिवस आणि रक्ताचे नमुने यांची मोहीम चालवली आहे, म्हणून त्या गृहस्थांशी बोलताना वेळ कसा गेला ते कळले नाही. त्यांच्या वहीतली बहुतेक पाने "ताप नाही" अशा नोंदींनीच भरलेली होती. ज्या कामाचे यश म्हणजे काहीच न घडणे, त्या कामासाठी वर्षानुवर्षे पगार देत राहणे कोणत्याही सरकारला अवघड जाते. इथे ते दिले जातात.

दुपारी पश्चिमेकडच्या कास्काव्हेल या गावी गेलो. इथे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. घरात बोलणे क्रिओल या तिथल्या लोकभाषेत चालते, पण मुले शाळेत मराठी शिकतात आणि गणेशचतुर्थीला देशभर सुटी असते. मैत्रिणीच्या मावशींनी फराटा म्हणजे पराठ्यासारखी पोळी, घेवड्याची भाजी आणि लिंबाचे लोणचे असा बेत केला होता. मावशींना मधुमेह होता आणि डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली होती.

"बाई, मी गोड कधीच सोडले, पण भात आणि पाव कसे सोडू? सकाळी पाव, दुपारी भात, रात्री फराटा," त्या मराठीत सावकाश शब्द जुळवत म्हणाल्या.

या देशात दर पाच प्रौढांमागे साधारण एकाला मधुमेह आहे. हिवताप, पटकी आणि कुपोषण यांना मागे सारलेल्या व्यवस्थेपुढे आता हा प्रतिस्पर्धी उभा आहे, आणि त्याच्यासाठी विमानतळावर टेबल मांडता येत नाही. तरीही सरकार स्वस्थ बसलेले नाही. 1987 च्या पाहणीत लोकांचे कोलेस्टेरॉल वाढलेले दिसल्यावर रेशनवर मिळणाऱ्या खाद्यतेलात पाम तेलाऐवजी सोयाबीन तेल आणण्यात आले, आणि पाचच वर्षांत लोकसंख्येचे सरासरी कोलेस्टेरॉल लक्षणीय घटले. हा जगभर उल्लेखिला जाणारा प्रयोग आहे. शाळेच्या उपाहारगृहांतून गोड शीतपेये काढली गेली, 2013 मध्ये साखरयुक्त पेयांवर कर बसला. तंबाखूच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी सर्वोच्च पातळीवर अमलात आणणारा आफ्रिकेतला पहिला देश म्हणून 2023 मध्ये मॉरिशसची नोंद झाली. मधुमेहाची आणि रक्तदाबाची तपासणी करणारी फिरती गाडी गावोगाव आणि कामाच्या ठिकाणीही जाते.

मावशींच्या मुलाची तक्रार मात्र खरी होती. एका मोठ्या रुग्णालयात आईला दाखवायला नेल्यावर सकाळी आठला क्रमांक लागला आणि डॉक्टर भेटले ते दुपारनंतर. म्हणून तो आता खासगी डॉक्टरकडे पैसे देऊन जातो. मोफत सेवा टिकवायची असेल तर तिथे जाणाऱ्याचा वेळही मोफत समजता कामा नये, असे मला ठामपणे वाटते. मधुमेह्याला दर महिन्याला यावे लागते, आणि दर महिन्याला एक दिवस बुडणार असेल तर तो यायचा थांबतो. मग पायाची जखम उशिरा दिसते. मावशींचे तेच झाले. आता गावच्या डिस्पेन्सरीतली परिचारिका त्यांचे पाय तपासते, चप्पल कशी असावी ते दाखवते आणि ठरलेल्या दिवशी त्या गेल्या नाहीत तर फोन करते. हिवतापाच्या वहीतली चिकाटी मधुमेहाच्या वहीत आणायची, एवढेच या देशाला करायचे आहे, आणि ते काम डिस्पेन्सरीच्या पातळीवरच होऊ शकते.

शुक्रवार : रॉड्रिग्ज

गुरुवारचा दिवस कपडे धुण्यात आणि व्हाकोआच्या बाजारात गेला. तिथून जवळच भारताच्या मदतीने उभे राहिलेले कान-नाक-घशाचे रुग्णालय आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये ते सुरू झाले आणि काही महिन्यांतच कोविडच्या रुग्णांसाठी वापरावे लागले. त्याच काळात, मे 2020 मध्ये, भारतीय नौदलाचे केसरी जहाज औषधे आणि वैद्यकीय पथक घेऊन पोर्ट लुईला आले होते. मैत्रिणीने त्या दिवसांविषयी सांगताना डोळे पुसले.

रॉड्रिग्ज हे मॉरिशसचेच बेट, पण सुमारे 600 किलोमीटर पूर्वेला. छोट्या विमानाने दीड तास लागतो. जेमतेम 108 चौरस किलोमीटर जमीन, चाळीस हजारांवर वस्ती, उतरणीवर मक्याची शेते आणि चहूबाजूंना पसरलेले उथळ खाजण. 2002 पासून इथे स्वायत्त प्रादेशिक विधानसभा आहे आणि आरोग्याचा दैनंदिन कारभार तिच्याकडे आहे. पोर्ट मॅथ्युरिनच्या वर, क्रेव्ह कर इथे राणी एलिझाबेथ रुग्णालय आहे. माँ ल्युबँ आणि ला फेर्म इथे क्षेत्रीय आरोग्य केंद्रे आहेत.

माँ ल्युबँला ढगातूनच चालत गेले. तिथल्या परिचारिकेने चहा दिला आणि स्वतःहून सांगू लागली. बेटावर पाण्याची टंचाई कायमची, त्यामुळे प्रत्येक घरात पिंपे भरून ठेवलेली असतात आणि त्यांच्यावर झाकण आहे की नाही हे पाहत फिरणे हा तिच्या सहकाऱ्यांच्या कामाचा मोठा भाग आहे. प्रसूती, लसीकरण, रक्तदाब हे सगळे इथे नीट होते. पण काही आजारांचे तज्ज्ञ मुख्य बेटावरून ठरलेल्या काळाने येतात आणि गंभीर रुग्णाला विमानाने पाठवावे लागते. वादळात विमाने बंद पडली की काळजी वाढते. "आम्हाला मोठी यंत्रे नकोत. तज्ज्ञ ज्या दिवशी येणार म्हणून मी लोकांना सांगते, त्या दिवशी ते आलेच पाहिजेत," ती म्हणाली. आमच्या दुर्गम केंद्रांतल्या परिचारिकांनी हेच शब्द मला ऐकवले आहेत, आणि शिबिराची तारीख बदलल्याचे त्यांना कळवताना मला किती जड जाई ते आठवले.

अगालेगाविषयीही तिच्याकडूनच ऐकले. मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे 1100 किलोमीटरवर असलेल्या त्या जुळ्या बेटांवर जेमतेम तीनशे माणसे राहतात. फेब्रुवारी 2024 मध्ये भारताने बांधलेली नवी धावपट्टी आणि धक्का तिथे सुरू झाला. धावपट्टी लांब झाल्याचा सर्वांत मोठा अर्थ तिच्या दृष्टीने एकच होता : अडलेल्या बाळंतिणीला आता वेळेत नेता येईल.

शनिवार : बाजार आणि परतीचे विमान

पोर्ट मॅथ्युरिनचा शनिवारचा बाजार पहाटेच भरतो, सात वाजेपर्यंत चांगला माल संपतो. वाळवलेले ऑक्टोपस दोरीवर टांगलेले, लिंबाचे आणि मिरचीचे लोणचे, लाल घेवडा, मध. ऑक्टोपसचे कालवण एका खाणावळीत खाल्ले. टोमॅटो आणि आले घातलेले ते गरम कालवण वाऱ्यात फिरून आल्यावर फार बरे वाटले.

सूचना : रॉड्रिग्जच्या विमानात जागा मोजक्या असतात आणि रुग्णांना प्राधान्य मिळणे योग्यच आहे, म्हणून तिकीट लवकर काढावे आणि परतीनंतर मुंबईच्या विमानापूर्वी किमान एक मोकळा दिवस ठेवावा.

परतीच्या विमानात शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या बाईंना मोतीबिंदूसोबत मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यालाही इजा झाली होती, म्हणून त्यांना मोका इथल्या सुब्रमण्य भारती नेत्र रुग्णालयात पाठवले होते. सोबत भाची होती. उपचार सरकार करणार, त्याची त्यांना चिंता नव्हती. भाचीने किती दिवस रजा काढायची आणि मागे घरातल्या कोंबड्यांना कोण पाहणार, याची होती. क्रेव्ह करला झालेल्या तपासणीतच त्यांच्या डोळ्यातला बिघाड लक्षात आला होता, दृष्टी अजून बरीच शिल्लक होती. मी त्यांचे कार्ड मागून पाहिले. शस्त्रक्रियेनंतरच्या पुढच्या तपासणीची तारीख त्यावर आधीच लिहिलेली होती, आणि ठिकाण रॉड्रिग्जचेच होते.